राखणदाराची खूण

भर दुपारी किनाऱ्याच्या टोकावरच्या झोपडीत तंबाखूचा वास आला आणि उनाइसीच्या हातातला झाडू जागच्या जागी थांबला.

वास ओळखीचा होता. वर्तमानपत्राच्या कागदात वळलेली गावठी तंबाखू. आधी शाईचा कडवटपणा नाकात शिरतो, मग मागून तंबाखू येते. असली विडी आता नातोम्बा गावात कुणी ओढत नाही. पोरं दुकानातल्या सिगारेटी फुंकतात, म्हाताऱ्यांना पाद्रीबाबांनी शपथ घालून सोडायला लावलंय. ओढणारा एकच शिल्लक होता, तिचा नवरा सेरेमाया, आणि त्याला चर्चमागच्या टेकडीवर पुरून कित्येक आठवडे झाले होते.

ती बाहेर आली. बाहेर चिटपाखरू नव्हतं. भुतं रात्रीच हिंडतात असं सांगणाऱ्यांनी कांदावू बेटावरची दुपार बघितलेली नसते. वारा पडलेला, नारळाची झावळी हलत नाही, समोरचं पाणी असं निपचित की त्यावर कुणी पाऊल टाकलं तर आवाज येईल. उनाइसीने दोन पावलं पुढे जाऊन पाण्यात हात घातला आणि चटकन बाहेर काढला. पाणी कोमट होतं. तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळाला हात लागावा तसं. त्या कपाळावर तिने रात्रंदिवस हात ठेवला होता, म्हणून तिला कळलं.

सांगायला हवं ते असं. गावचे प्रमुख रातू एपेली वारले तेव्हा रिवाजाप्रमाणे शंभर रात्रींचा शोक लागला. माणसांनी केस कापायचे नाहीत, बायकांनी काळं घालायचं, आणि समुद्रानेही आपला वाटा उचलायचा. गावासमोरच्या प्रवाळाचा चांगला मोठा तुकडा बंद करायचा. तिथे जाळं नाही, गळ नाही, भाला नाही. शंभर रात्री संपल्या की अख्खं गाव मिळून तो उघडणार, तोवर आतले मासे लठ्ठ आणि निर्धास्त झालेले असणार, आणि मेलेल्या प्रमुखाच्या नावाने जेवणावळ उठणार. बंद समुद्राला राखणदार लागतो. सेरेमाया सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून सगळ्यांनी त्याचंच नाव घेतलं. या झोपडीत तो राहायला आला.

आणि मुदत निम्मी सरली असेल नसेल, त्याचा पाय सुजला. प्रवाळाचा ओरखडा होता, त्यात विष भरलं. बोटीने मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर समुद्र खवळलेला. सूज गुडघ्यावर चढली, ताप डोक्यात गेला, आणि माणूस गेला.

नातोम्बाची माणसं तशी प्रेमळ. मयताला सगळी आली, रडली, चटया आणल्या. पण बंदीच्या पाण्यातलं जो खातो त्याचं अंग सुजतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात मानासाने, म्हणजे प्रमुखाच्या वतीने बोलणाऱ्या म्हाताऱ्याने, एका दुपारी टेकडीवरून सेरेमायाला बघितलं होतं. गुडघाभर पाण्यात, बंदीच्या आत, हातात मासा. मानासाने हे फक्त यांगोनाच्या मुळांचं पेय पिणाऱ्या चार जणांत सांगितलं. चार जणांत सांगितलेलं नातोम्बात किती वेळ टिकतं? वाडगा रिकामा व्हायच्या आत गावभर.

उनाइसीला कुणी तोंडावर काही बोललं नाही. ती आली की बायका पटकन टॅपिओकाच्या भावाबद्दल बोलायला लागत, एवढंच. पण तिला खुपत होतं ते गावामुळे नव्हे. नवरा जिवंत असताना जेवण घेऊन ती इथे यायची तेव्हा त्याच्या हातांना माशाचा वास असायचा. दुकानातल्या हवाबंद डब्यातला मासा खाणाऱ्याच्या हाताला येतो तसा नाही. ताजा. तिने विचारलं नाही. तिला उत्तराची भीती वाटली, आणि मग विचारायला माणूसच राहिला नाही.

वास आता विरला होता. ती आत आली आणि छपराची कोळिष्टकं काढायला लागली. झाडू कशावर तरी खट्ट वाजला. तिने गवतात हात घातला, तर हाताला लागली तिची कात्री. शिवणाच्या डब्यातली. हरवली म्हणून तिने त्याच्यावर केवढा आरडाओरडा केला होता, आणि तो मख्खासारखा 'मला काय ठाऊक' म्हणाला होता. पात्याच्या सांध्यात माशाचा वाळलेला खवला अडकला होता.

उनाइसीने कात्री पिशवीत टाकली. म्हणजे खरंच होतं.

* * *

समुद्र उघडायच्या आदल्या दिवशी मानासा उनाइसीच्या घरी आला. स्वच्छ सदरा घालून, पिशवीत काहीतरी जड घेऊन. तो तिच्या बापाचा थोरला चुलतभाऊ, म्हणून ती त्याला तालेवू, म्हणजे थोरला बाप, म्हणते, आणि तिचं ऐकून तिची मुलगीही. त्याच्यासमोर पाय पसरून बसत नाही, आवाज चढवत नाही. ती मुलगी, तोरिका, राजधानीतून, सुवाहून, कालच आली होती. ती मत्स्यखात्याच्या कचेरीत कामाला. माशांच्या कानातले खडे कापून त्यांची वयं मोजते. सरकार माशांचे वाढदिवस मोजायला पगार देतं, हा नातोम्बातला जुना आणि आवडता विनोद.

मानासाने पिशवीतून देवमाशाचा दात काढला. तेलाने पिवळा पडलेला, दोरी ओवलेला. मोठी माफी मागायची, मोठी मागणी घालायची, तर रिकाम्या हाताने चालत नाही, हा दात लागतो.

"हा माझ्या घरचा," तो म्हणाला. "तुझ्याकडे नसेल म्हणून आणला. उद्या समुद्र उघडला की तू सगळ्यांसमोर हा पुढे ठेव. सेरेमायाच्या वतीने. मी उचलीन, चार शब्द बोलेन, आणि संपलं. कुणी परत नाव काढणार नाही."

"कशाची माफी, तालेवू?" तोरिकाने मध्येच विचारलं.

"पोरी, तू मोठ्या कचेरीतली. तुला लांबचं दिसतं. आम्हाला जवळचं दिसतं." मानासा रागावला नव्हता, थकला होता. "या पाण्याला काहीतरी झालंय. मागचे प्रमुख गेले तेव्हा पट्टा उघडला, तर कवांगो मासा दोन हातांत मावत नव्हता. आता बाहेरच्या पाण्यात जाळं टाकलं की माशांची नुसती पोरं येतात. वर्षानुवर्षं पोरंच. कुणीतरी कुठेतरी काहीतरी मोडलंय. मोडणाऱ्याने कबूल केलं की समुद्र परत देतो. माझ्या बापाच्या वेळी दिलंय, मी बघितलंय."

उनाइसी खाली बघत राहिली. दात चटईवर तिच्या गुडघ्याशी पडला होता, आणि शिवणाच्या डब्यात कात्री.

"बाबा चोर नव्हते," तोरिका म्हणाली आणि तिने आईकडे बघितलं. आईने मान वर केली नाही. ते पोरीच्या लक्षात आलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"आधी समुद्र उघडू द्या," उनाइसी कशीबशी म्हणाली. "मासे भरपूर निघाले तर?"

"तर मी हा दात घेऊन गुमान घरी जाईन," मानासा म्हणाला. "देवाशपथ, मलाही तेच हवंय."

तो गेला तशी मागच्या दाराने लोसेना आत आली. सेरेमायाची बहीण. नणंद-भावजया इथे एकमेकींना दाउवे म्हणतात, आणि दाउवेने दाउवेला टोमणा मारला नाही तर ती रुसते. लोसेनाने तीस वर्षांत एकदाही रुसायची वेळ आणू दिली नव्हती.

"काय गं दाउवे, म्हाताऱ्याने मागणी घातली का? काळं उतरायच्या आधीच?"

"तुझं तोंड बंद कर."

"माझ्या भावानेही हेच सांगितलं आयुष्यभर, जमलं का?" ती टेकून बसली आणि तिची नजर दातावर गेली. मग म्हणाली, "तो लहानपणी पेरू चोरायला आमच्याबरोबर यायचा आणि झाडाखाली उभा राहून रडायचा. असल्याला कुणी चोर म्हणावं? चोरांची काही इज्जत आहे की नाही?"

तिघी हसल्या, आणि हसता हसता उनाइसीला हुंदका फुटला. कात्रीचं ती तेव्हाही बोलली नाही.

* * *

सकाळी ओहोटी लागली तसं लाकडी ढोलाने गावाला हाक दिली. रानवेलींचा लांबच लांब दोर, त्यात नारळाच्या झावळ्या गुंफलेल्या. तो धरून अख्खं गाव पाण्यात उतरलं. म्हातारे कडेला, धट्टेकट्टे खोल भागात, बायका मध्ये. पाण्यात हलणाऱ्या झावळ्यांच्या सावलीला मासा बिचकतो, दोर ओलांडत नाही. माणसांनी फक्त आरडाओरडा करत वर्तुळ आवळत न्यायचं. एरवी या वेळी इतका हलकल्लोळ असतो की पलीकडच्या गावाला ऐकू जावं. कोण कुणाला ढकलतं, कोण कुणाच्या बायकोचं नाव घेऊन ओरडतं. उनाइसीच्या लग्नाच्या वर्षी असाच दोर आवळताना सेरेमाया तिच्या शेजारी उभा राहिला होता, आणि एका दणकट माशाने त्याच्या पोटात धडक देऊन त्याला आडवा केला होता. गाव महिनाभर हसत होतं.

आजही सुरुवातीला ओरडा झाला. मग वर्तुळ लहान होत गेलं तसा आवाज उतरत गेला.

मासे होते. पुष्कळ होते. पाणी नुसतं चमचमत होतं. पण धडका कुठेच बसत नव्हत्या. पायांना लागत होतं ते गुदगुल्या केल्यासारखं.

"पोरं," कुणीतरी म्हणालं. "सगळी पोरं आहेत."

इथला नियम सोपा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जो भरत नाही तो पोर, त्याला सोडायचं. मानासाने वर्तुळात लावलेल्या जाळीतून एक कवांगो उचलला. पिवळसर अंग, गालावर निळ्या रेघा. तो आपल्या आडव्या हातावर ठेवला, तोंड कोपराशी, शेपूट पुढे. शेपूट मनगटापर्यंतच पोचलं. दुसरा उचलला. मनगट. तिसरा. मनगट. एखादा तळव्यात शिरला तर शिरला. सगळ्यांच्या नजरा उनाइसीकडे वळायला लागल्या. कुणी मुद्दाम बघत नव्हतं, पण तोंडं आपोआप वळत होती. मोठे कुठे गेले? बंद समुद्रात एकच माणूस होता.

आणि मग मानासा चौथा मासा हातावर ठेवता ठेवता थांबला. त्याने तो उन्हात धरला.

शेपटीच्या वरच्या फाट्यावर दोन खाचा होत्या. शेजारी शेजारी, त्रिकोणी, नीट कापलेल्या. माशाच्या दातांच्या अशा नसतात.

ती खूण अख्ख्या गावाला पाठ होती. नातोम्बात डुकरं मोकळी हिंडतात, म्हणून प्रत्येक घर पिल्लाच्या कानाला आपापली खूण करतं. कुणाची टोकाला चीर, कुणाचं मध्ये भोक. शेजारी शेजारी दोन त्रिकोण ही सेरेमायाच्या घराची.

"अरे देवा," मानासा म्हणाला.

"आणखी आहेत," पलीकडून आवाज आला. "हा बघा. हाही."

ओरडा परत सुरू झाला, पण आता तो निराळा होता. चोरी तर चोरी, वर खूण? प्रमुखाच्या नावाने राखलेल्या माशांवर आपल्या घरचा शिक्का? म्हणजे मोठे खाल्ले आणि लहान नंतरसाठी नावावर करून ठेवले! उनाइसीच्या हातातला दोर सुटला. तिला वाटलं आता या कोमट पाण्यात बसावं आणि वर यावं लागू नये.

मानासा मासा परत हातावर ठेवून बघत होता. सवयीनेच. कोपर, मनगट. दुसऱ्या हाताचं बोट त्याने माशाच्या अंगावरून तोंडापासून शेपटीपर्यंत फिरवलं, मग रिकाम्या राहिलेल्या तळव्यावर टेकवलं.

आणि उनाइसीने ते बघितलं.

शेवटच्या दिवसांत, तापात, सेरेमाया हेच करायचा. डावा हात छातीवर आडवा, आणि उजव्या हाताचं बोट कोपरापासून निघायचं, मनगटाशी थांबायचं. पुन्हा कोपर, पुन्हा मनगट. डोळे तिच्याकडे लावलेले, ओठ हलणारे, शब्द नाही. तिला वाटलं होतं हात ठणकतोय. ती खोबरेल कोमट करून त्या हाताला चोळत बसली होती, आणि तो मान हलवून परत पहिल्यापासून सुरू करायचा.

"मी तेल लावत होते," ती म्हणाली. शेजारच्या बाईला काही कळलं नाही. "अगं, तो सांगत होता आणि मी तेल लावत होते!"

* * *

माणसं मासे घेऊन किनाऱ्यावर आली. सोडायचे की ठेवायचे यावरून वाद चालू होता. जेवणावळीला तर काहीतरी लागणारच, म्हणून पाट्या भरून आणल्या होत्या. उनाइसी सरळ पहिल्या पाटीपाशी गेली. तिने खुणेचा एक कवांगो उचलला, सुरी घेतली आणि पोट फाडलं.

आतून गाभोळी बाहेर आली. गच्च भरलेली, पिकलेली, नारिंगी.

बायका पुढे सरकल्या. मासे साफ करण्यात आयुष्य गेलेल्या बायका त्या, त्यांना कुणी काही समजवायला नको. लोसेनाने दुसरा फाडला. गाभोळी. तिसऱ्या बाईने तिसरा. गाभोळी. सुऱ्या चालत राहिल्या.

"पोरं नाहीत ही," लोसेना म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "आया आहेत."

तोरिकाने माशाचं डोकं चिरून कानातला खडा काढला. तांदळापेक्षा थोडा मोठा, पांढरा. तो तिने नखाखाली धरून मोडला आणि एक तुकडा लायटरच्या ज्योतीवर धरला. भाजून तपकिरी झाला तेव्हा मोडलेल्या कडेवर रेघा उमटल्या, एकीला लागून एक, बाहेरच्या बाजूला इतक्या दाट की डोळे बारीक करावे लागत होते. तिने त्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"किती वर्षांचा?" मानासाने विचारलं. आज कुणी विनोद केला नाही.

"मी शाळेत जायला लागले त्या सुमाराचा." तिने खडा त्याच्या तळव्यावर ठेवला. "तालेवू, या आतल्या रेघा लांब लांब आहेत, बघा. म्हणजे लहानपणी भराभर वाढला. नंतरच्या चिकटून. मोठा झालाच नाही, नुसता म्हातारा झाला. पाणी तापलं की त्याचं असं होतं. लवकर वयात येतो, आणि खाल्लेलं सगळं जगण्यातच खर्च होतं. अंगाला लागायला उरत नाही."

"आणि मोठे?"

"मोठे कुणी खाल्ले नाहीत. मोठे झालेच नाहीत."

मानासा खड्याकडे बघत राहिला. मग त्याने खुणेचा मासा उलटा केला. "मग ही खूण का? हात तर लावलाच ना त्याने?"

उनाइसीने पिशवीतून कात्री काढली आणि सगळ्यांच्या मध्ये वाळूवर टाकली.

"लावला," ती म्हणाली. आवाज चढवायचा नसतो हे ती विसरली होती. "माझी कात्री चोरून नेली, हीच काय ती चोरी. पकडायचा, हातावर मोजायचा, खूण करायचा आणि सोडायचा. खाचेच्या कडा बघा ना, भरून पांढऱ्या पडल्यात. आत्ताच्या नाहीत त्या. आणि हा बघा, याच्या वरच्या फाट्यावरही खूण, खालच्याही. तोच पुन्हा सापडला म्हणून पुन्हा केली. तोच मासा, तेवढाच. त्याला कळलं होतं की हे वाढत नाहीत."

"मग बोलला का नाही?"

"बंद समुद्राबद्दल राखणदाराने उघडेपर्यंत बोलायचं नसतं, तालेवू. तुम्हीच घातली होती ना शपथ?"

मानासाने मान खाली घातली.

"आणि मला एक सांगा," लोसेना डोळे पुसत म्हणाली, "तुमच्यात कुणी दुसऱ्याचं डुक्कर चोरलं, तर कानाला खूण करून परत सोडून देतं का? माझा भाऊ मूर्ख होता, पण एवढा?"

कुणीतरी हसलं. हसणं पसरलं नाही. उनाइसीच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. तिला नाचावंसं वाटत होतं, टेकडीवर धावत जाऊन कबरीवर हात आपटावेसे वाटत होते. तिने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. वाटलं होतं, तिथे आनंद नाही तर निदान लाज दिसेल. थोडी लाज होतीही. पण तिच्यामागे दुसरंच काहीतरी होतं, आणि ते काय हे मानासा बोलल्यावर तिला कळलं.

"उनाइसी," म्हातारा हळू म्हणाला, "तो चोर असता तर फार बरं झालं असतं गं."

ती चिडून काही बोलणार होती, पण त्याचे डोळे भरलेले होते.

"चोराची माफी मागता येते. तू दात ठेवला असतास, मी उचलला असता, समुद्र परत भरला असता. आता हा दात मी कुणाच्या पुढ्यात ठेवू? पाणी कुणी तापवलं? त्याचं गाव कोणतं? त्याच्या वतीने बोलणारा कोण?"

पाटीत एक मासा अजून तडफडत होता.

शेवटी मानासाने दात दोन्ही हातांत घेतला. उभ्या आयुष्यात प्रमुखांखेरीज कुणापुढे न वाकलेला तो माणूस वाळूत गुडघ्यांवर बसला आणि दात उनाइसीच्या पायांशी ठेवला.

"मी अर्धंच बघितलं आणि पुरतं म्हणून सांगितलं. त्याच्या वतीने तू घे."

तिने वाकून दात उचलला. रिवाजाप्रमाणे बोलायचे शब्द तिला आठवेनात. ती नुसती 'घेतला' म्हणाली. खुणेचे जे मासे जिवंत होते ते लोसेनाने एकेक करून पाण्यात सोडले. बाकीचे रात्रीच्या जेवणात नारळाच्या दुधात शिजले. गाभोळीमुळे रस्सा दाट झाला होता, चव उत्तम होती, आणि कुणीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

* * *

दुसऱ्या दुपारी ती एकटीच टोकावर गेली. काळं उतरवलं नव्हतं, सेरेमायाच्या शंभर रात्री अजून व्हायच्या होत्या. पाद्रीबाबांनी मागेच सांगितलं होतं की मेलेल्याचं नाव स्वच्छ झालं की तो भटकत नाही, झोपतो. ते शब्द ती वाटभर मनात घोळवत आली होती. झोपडीच्या उंबऱ्यावर तिने देवमाशाचा दात ठेवला.

"ऐकतोयस ना," ती म्हणाली. "मानासा माझ्या पायांशी बसला. सगळ्यांच्या देखत. तुझ्यावर आता काही नाही. मी पण..." तिने उंबऱ्यावरचा दात सरळ केला. "मी पण मनात धरलं होतं रे. तुझ्या हातांना वास यायचा आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर खूण तरी केली असतीस मला."

झावळी हलत नव्हती. आता एकच शब्द उरला होता. जा. नीज. तो म्हणायलाच ती आली होती.

पाण्याच्या कडेला काहीतरी चमकलं. ती उतरली, वाकली. पायांच्या सावलीत एक कवांगो आला होता, शेपटीवर दोन त्रिकोण. माणसाच्या हाताला सरावलेला असावा, पळाला नाही. उनाइसीने डावा हात कोमट पाण्यात आडवा धरला. तिचा हात सेरेमायाच्या हातापेक्षा चांगला तीन बोटं आखूड. मासा त्याच्यावर येऊन थांबला, आणि त्या आखूड हातावरही शेपूट बोटांपर्यंत पोचलं नाही. पोटात गाभोळी असणार. आणि त्यातून निघतील ती याहून लहान राहणार.

मागून तंबाखूचा वास आला. आधी शाई, मग तंबाखू. तिने वळून बघितलं नाही, आणि आज तिला भीतीही वाटली नाही. गावाला आता बंदी नको होती. बंद करून जे वाढत नाही ते राखायचं कशाला, असं काल रात्रीच चार जण बोलले होते. नवा राखणदार व्हायला कुणी तयार होणार नव्हतं. या एकेका माशाला ओळखणारा जगात एकच जण होता, आणि ती त्याला निरोप द्यायला आली होती.

"जाऊ नकोस," उनाइसी म्हणाली.

ती मासा निघून जाईपर्यंत हात तसाच धरून उभी राहिली. मग वर आली, कात्रीच्या सांध्यातला खवला काढला, पाती काळ्या कपड्याच्या टोकाने पुसली, बरोबर आणलेल्या बाटलीतलं खोबरेल बोटाने लावलं. आणि छपरात जिथे त्याने खोचली होती तिथेच ती परत खोचून ठेवली.